बापूच्या मुठीत चांदीच्या घुगऱ्या

दि. १७ नोव्हेंबर २०२४, रविवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. आईच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरल्या, दोनदा मोजल्या आणि लिहायला बसलो.

प्रिय दीक्षा,

आई बरी आहे. काल तिने एकटीने भाकरी थापल्या. ऑगस्टमध्ये याच हातातून परात निसटली होती आणि दहा मिनिटे तिला बोलता आले नव्हते. तेव्हापासून मी रोज सकाळी तिला माझी बोटे आवळायला लावतो. ती वैतागते, पण आवळते.

मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी नस निम्म्याहून जास्त अरुंद झाली आहे, एवढे सोनोग्राफीत दिसले होते. आत साचलेला थर मऊ असेल तर त्याचा तुकडा सुटून अर्धांग होऊ शकते, आणि तो कसा आहे ते एमआरआयमध्ये कळेल, असे डॉक्टर म्हणाले. म्हणून आम्ही नांदेडला, तू काम करतेस त्या एमआरआय सेंटरवर आलो. पहिल्या दिवशी तू सुट्टीवर होतीस. मी अर्ज नीट भरला, अंगावर धातू नको ही सूचना शब्द न् शब्द वाचली आणि सगळ्यांसमोर आईला सांगितले, घुगऱ्या काढ. आमच्या तांड्यावर बाईच्या केसांतल्या, कानशिलावर लोंबणाऱ्या त्या चांदीच्या घुगऱ्या नवरा गेल्यावरच उतरतात. आणि मी तिचा मुलगा! ती उठली आणि थेट बसस्टँडकडे चालू लागली. घरी आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला. अर्जावरचे अक्षर तू ओळखलेस. नववीत शाळा सोडून पाट्या रंगवायला लागलेल्या माणसाचे अक्षर कोणाला आठवत असेल, असे मला वाटले नव्हते. सगळे ऐकून तू म्हणालीस, "अरे येड्या, तू काहून सांगितलंस? ज्यांच्या नावाच्या हायेत त्यांना घेऊन ये."

वडिलांना, बापूला, सांगायचे धैर्य मला चार दिवस झाले नाही. तो चिडेल असे वाटत होते. तो फक्त म्हणाला, "मला पयलेच बोलायचं न्हाई का?"

पुढचे तू पाहिलेच आहेस. बापू आईसमोर उकिडवा बसला आणि तिला नावाने हाक मारून म्हणाला, "मी जित्ता हाय, भिका. माझ्या हातात दे." गाठ सुटेना, तेव्हा त्याने दोरा दातांनी तोडला. रांगेतली माणसे बघत होती. आई आत असेपर्यंत त्याने ती मूठ उघडली नाही, चहासुद्धा डाव्या हाताने घेतला. आई बाहेर आली ती बोलतच: "आत कोन डफ वाजवून राहिलं होतं? होळी हाय का?" तेव्हा बापू हसला आणि मग तोंड फिरवून उभा राहिला.

रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, थर घट्ट आहे, आत रक्त उतरलेले नाही, सध्या ऑपरेशन नको, गोळ्या चुकवू नका. मी ते तीनदा विचारले. तिसऱ्यांदा ते हसले. तुझ्या फोनशिवाय आम्ही तिथवर पोचलोच नसतो, दीक्षा.

बापूला घुगऱ्या पुन्हा बांधता येईनात, म्हणून तू स्वतःच्या केसांचा रबर काढून बांधल्यास. डावी बाजू थोडी खाली आली आहे. तांड्यावरच्या सुमनबाईने बराबर करून द्यायचे म्हटले, तर आईने तिचा हात बाजूला केला. "पोरीनं बांधलंय, ऱ्हाऊ दे." वेणी घालताना ती तो रबर जपून काढते आणि तसाच, तिरका, पुन्हा लावते.

लिहायचे कारण असे. डॉक्टरांनी एप्रिलमध्ये पुन्हा एमआरआय सांगितला आहे, म्हणजे घुगऱ्या पुन्हा उतरणार. आई म्हणते, "ती पोरगी असंल तरच येईन." बापूही मान हलवतो. एप्रिलमधली तुझी ड्यूटी कळली की लगेच कळव. तारीख तुझ्या सोयीची. मीही येईन, या वेळी सूचना वाचणार नाही.

तुझाच शाळासोबती,
प्रेमदास

ता. क. हिशेब: एमआरआय ७,५०० रुपये, दोन्ही वेळचे जाणे-येणे ८४० रुपये, चहा ६० रुपये. एकूण ८,४०० रुपये, सर्व दिले. देणे बाकी: केसांचा रबर, काळा, एक. आई देत नाही.