शिराझची निळी वाटी

बेडोक, सिंगापूर, शनिवार संध्याकाळ

माझ्या मित्राचं, अरविंदाचं, इराणचं प्रवासवर्णन आज पोस्टाने आलं. आधी शिराझचं प्रकरणच उघडलं. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे आम्ही दोघांनी चहा घेतला होता. शाळेत पाठ केलेल्या कविता त्यांनी आणि मी एकमेकांना म्हणून दाखवल्या, भाषा न कळता! त्यांच्या निळ्या वाटीचं मी कौतुक केलं. "तुमचीच आहे," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. मी घेतली.

अरविंद लिहितो, 'तिकडे हे नुसतं म्हणायचं असतं, पाहुण्याने नको म्हणायचं असतं. आमच्या कविराजांनी वाटी थेट पिशवीत घातली! बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.'

म्हणजे त्याला माहीत होतं. शेजारी बसून मला साधं कोपरानेही ढोसलं नाही. वीस वर्षं मी त्या बाईंचा दिलदारपणा सांगतोय आणि हा मान डोलावतोय. वाटी समोरच आहे. त्यांच्या नवऱ्याची आठवण तर नसेल?

नात म्हणाली, "आजोबा, जस्ट रिटर्न इट लाह!" कुणाला, आता?

तेवढ्यात अरविंदाचाच फोन. पुढच्या महिन्यात आठ दिवस राहायला येतोय म्हणे.

"ये की," मी म्हणालो, "घर तुझंच आहे."

तिकडच्या रीतीने म्हणालो. त्याला ती चांगली माहीत आहे.