चांद्यानं घेतलं

३ नोव्हेंबर १९७४
मी राहीबाई, वडूजची. प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकले, म्हणून नातवानं, नाथाजीनं, ही वही दिली. लय आनंद झालाय! सांगलीजवळच्या ह्या माळावर एक विमान कंपनी पायलट तयार करते. आमचा नाथाजी पायलट व्हणार. परीक्षेला तेरा दिवस हायेत, तवर भाकरी मी थापणार. इथं चूल न्हाई, स्टो हाय. भाकरीला रॉकेलचा वास येतो, पण पोरगं गुमान खातंय.

५ नोव्हेंबर
दोन पंख्यांचं लहान विमान बघितलं. आत एक यंत्र हाय. खटका दाबला की विमान आपलं आपण उडतं. मला हसू आलं. आमचा चांद्या बैल असाच होता. माझे मालक उसाच्या गाडीत झोपायचे, गाडी बरोबर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. एकदा मालक गाडीतच वारले, तरी चांद्यानं गाडी नेऊन रांगेत उभी केली. असला गुणी! बेंदराच्या सणाला त्याच्या शिंगाला बांधायचा गोंडा पिशवीत होता, तो खटक्याला बांधला. म्हटलं, आजपासनं तू चांद्या.

८ नोव्हेंबर
शिकवणारे दादासो लय कडक. विमान दुसऱ्याच्या हाती देताना "घ्या" म्हणायचं. त्यानं "घेतलं" म्हटल्याबगर हात सोडायचा न्हाई. तान्हं पोर देताना आमी बायका हेच करतो की! यंत्राला तोंड न्हाई, म्हणून त्याचा दिवा लागला का बघायचा. दादासो म्हणतात, उतरताना कामाची झुंबड उडते, तवा पोरं यंत्रावर सोडून देतात आणि दिवा बघायचा इसरतात. नाथाजी मात्र खटका दाबताना गमतीनं म्हणतो, "घे रं चांद्या."

११ नोव्हेंबर
आज नाथाजी एकटाच वर होता. मी हापिसात रेडिओजवळ. त्याचा आवाज आला, "घे रं चांद्या." रेडिओतच त्याच्या मागनं कुणीतरी म्हणालं, "घेतलं."
दादासो तर माझ्याशेजारी च्या पीत होते.

१३ नोव्हेंबर
नाथाजीचे हात गार. घास उचलत न्हाई, मीच भरवते. हात हलीव की रं, म्हटलं. म्हणाला, चांद्या हाय की.

१४ नोव्हेंबर
दादासोंच्या पाया पडले. आवं, तो गोंडा सोडा. त्यांनी सोडून माझ्या हातात दिला, मी पिशवीत ठेवला. दुपारी विमान उतरलं, तर गोंडा खटक्यालाच. पिशवी रिकामी—

१६ नोव्हेंबर
परीक्षा. नाथाजी वर एकटा. वारं सुटलंय. दादासो रेडिओत ओरडतायत, यंत्र बंद कर, हातानं चालव. विमान माळावर गोल, गोल—

तेल अर्ध्या तासाचं, म्हणतात. मी लिहिते, दुसरं काय करू.

चांद्या "व्हो" म्हटल्यावर थांबायचा. पण वर थांबलं तर— न्हाई, ते न्हाई म्हणायचं—

दादासोंच्या हातनं माईक हिसकला. म्हटलं, चांद्या, दे रं. माझं पोर दे.

रेडिओतनं त्या दिवशीचाच आवाज "घ्या," म्हणाला.

नाथाजी, बोल! घेतलं म्हण! बोलत न्हाई. विमान कलंडलं— चांद्यानं सोडलं— कुणीतरी म्हणाय पायजे—

डाव्या हातात माईक. मीच म्हणते. घेत—