एकशे चाळीस काळे कोट आणि माझी उमेदवारी

३ मार्च, सोमवार
पण भाऊजींना एवढं साधं कळू नये? आज फोनवर पुन्हा तेच. म्हणे राजकारण हे आपल्या विश्वासणाऱ्यांचं काम नाही. गुडघे टेक, प्रार्थना कर आणि पगार झाला की पैसे पाठव. मी म्हणालो, चांगली माणसं लांब राहिली की नको ती माणसं आयती खुर्चीत बसतात. तर म्हणाले, तू सहावी नापास, तुला कुठली खुर्ची? ताईचा नवरा म्हणून ऐकून घेतलं. चर्चमध्ये पेटी वाजवतात, पण तोरा पाळकाचा.

वीस तारखेला लॉन्ड्रीत कामगार प्रतिनिधीची निवडणूक आहे. मी उभा राहणार. मुद्दा एकच : इस्त्रीखोलीचा पंखा. तीन महिने बंद. वाफ बाहेर जात नाही, इस्त्रीवाले काका दिवसभर खोकतात. वर प्रतिनिधीला भत्ताही मिळतो. ताईला सांगून टाकलं, या महिन्यात वीस हजार पाठवतो, आईचे वरचे आणि खालचे दोन्ही दात बसवून घे.

४ मार्च
अर्ज भरला. निश्चय : पहाटे पाचला उठून प्रार्थना. कुणावर चिडायचं नाही. रोज एका माणसाला येशूने दिलेल्या तारणाबद्दल सांगायचं.

५ मार्च
सात चाळीसला उठलो. खोलीत सोबत राहणाऱ्या, लॉन्ड्रीतल्याच जाड्याने गजर बंद केला. त्याच्यावर चिडलो. उद्यापासून.

७ मार्च, शुक्रवार
जेवणाच्या सुट्टीत पहिलं भाषण. आपण मीठ आहोत, प्रकाश आहोत, दिवा झाकून ठेवू नये, असं बरंच बोललो. सगळे एकदम शांत. प्रभाव पडला. फक्त चादरींच्या घड्या घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, पोरा, पंख्याचं काय ते बोल, स्वर्गात पंखा लागत नसेल, इथे लागतो. मावशीही उभ्या आहेत. भाषण करत नाहीत, म्हणजे त्या संपल्यातच जमा.

११ मार्च
जबरदस्त आयडिया. भाऊजींनी निघताना सुवार्तेच्या पत्रिकांचा गठ्ठा दिला होता, तो ट्रंकेत तसाच पडलाय. प्रत्येकीच्या मागे लिहिलं : ‘पंख्यासाठी मला मत द्या’. हात दुखला. काकांनी हॉटेलचे एकशे चाळीस काळे कोट इस्त्री करून रॅकला लावले होते. काका चहाला गेले, तेवढ्यात प्रत्येक खिशात एकेक पत्रिका. कोट घालणारे वेटर आपले मतदार नाहीत हे मान्य. पण हवा तर होते.

१३ मार्च, गुरुवार
काय झालं ते नीट लिहितो, म्हणजे माझी चूक नव्हती हे स्पष्ट होईल.
पंखा बंद, म्हणून खोलीत दमट वास. वास कोटांना लागला. लॉन्ड्रीच्या साहेबांनी अख्खी रॅक परत धुवायला पाठवली. मशीन भरणारा मी. धुण्याआधी खिसे तपासायचे हा नियम मला पाठ आहे. पण धुतलेल्या कोटांचे खिसे कोण तपासतं? आणि काळे कोट सगळे सारखेच दिसतात.
मशीन उघडलं. कागदाचा लगदा. एकशे चाळीस काळ्या कोटांवर पांढरा कोंडा. सुदैवाने लगद्यावर अक्षर राहत नाही.

१४ मार्च
साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, कागद कुणाचे? अख्ख्या लॉन्ड्रीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. मावशी हळूच म्हणाल्या, दिवा झाकलेला दिसतोय.
रॅकवर ‘खिसे तपासले’ म्हणून काकांची सही होती. साहेब म्हणाले, दंड काकांचा. तसेही ते खोकतातच, सोमवारी हिशेब करून त्यांना घरी पाठवू. काका चिकटपट्टी घेऊन एकेक कोट साफ करत बसले.
मी सांगणारच आहे. योग्य वेळ बघतोय. निवडणुकीआधी सांगितलं तर पंख्याचा मुद्दा मागे पडेल. शेवटी हे काकांच्याच भल्यासाठी आहे.

१६ मार्च, रविवार
भाऊजींचा फोन. अभिमानाने विचारलं, पत्रिका वाटल्यास का? म्हणालो, सगळ्या. लोकांनी काय केलं? म्हणालो, सगळीकडे चिकटल्या. खूश झाले. म्हणाले, आज संध्याकाळी मंडळीत तुझी साक्ष सांगतो.
जेवण गेलं नाही. उद्याचं भाषण लिहून काढलं, चार पानं. त्यात व्यवस्था, पंखा, दमटपणा, सगळ्यांची जबाबदारी दाखवली आहे.

१७ मार्च, सोमवार
काकांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. साहेबांसमोर चार पानं काढली. पण एवढंच तोंडातून आलं : साहेब, चिठ्ठ्या माझ्या आहेत.
दंड माझ्या पगारातून. काकांची पिशवी परत आत. भाषण वाचायचं राहिलं. चांगलं झालं होतं.

२० मार्च
निकाल. मावशी अठ्ठावीस. जाड्या नऊ, आणि तो तर उभाही नव्हता. मी एक. निदान स्वतःवरचा माझा विश्वास दिसून आला.
तेवढ्यात मतमोजणीवाला म्हणाला, एक मत बाद आहे, त्यावर कुणीतरी ‘देव तुमचं भलं करो’ लिहिलंय. ते माझं.

२१ मार्च, शुक्रवार
मावशींनी सकाळी साहेबांच्या टेबलाशी स्टूल टाकलं आणि पंखा सुरू होईपर्यंत तिथेच चादरींच्या घड्या घालत बसल्या. दुपारी अडीचला सुरू झाला. भाषण शून्य.
काकांना विचारलं, मला मत कुणी दिलं असेल? म्हणाले, मी. म्हणालो, का? म्हणाले, तू फार बोलतोस बाबा, पण सोमवारी एकच वाक्य बोललास. ते पटलं. मग विचारलं, तुझ्या त्या कागदांवर लिहिलेलं काय होतं? सगळे धुऊन गेले, मला वाचायचं होतं.
ट्रंक उलटीपालटी केली. एकही उरलेली नाही. भाऊजींना सांगावं लागेल, आणखी पाठवा. साक्षीचंही खरं सांगावं लागेल. उद्या.
आधी ताईला लिहिलं : दंड गेला, भत्ता मिळाला नाही, या महिन्यात आईचे वरचेच दात बसव. पाठवतोय नऊ हजार तीनशे पन्नास.