तांडेल हे आडनाव नसून हुद्दा असल्याबाबत

अर्जदार :
सौ. सुनंदा शांताराम पागधरे,
सेवानिवृत्त मुख्याध्यापिका,
मु. पो. चिखले, ता. डहाणू, जि. पालघर

प्रति,
मा. सचिव,
सागरी सेवा व सागरी वारसा गौरव समिती,
डहाणू, जि. पालघर

विषय : गौरवफलकावरील ‘कै. शांताराम तांडेल’ ही नोंद दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ :
१) आपले पत्र, पत्त्यावर ‘श्रीमती’ असे लिहिलेले, सबब लाल शाईने ‘सौ.’ करून परत पाठवलेले.
२) तेच पत्र, पुन्हा ‘श्रीमती’ लिहून आलेले.
३) आपल्या कार्यालयात अर्जदाराने दिलेल्या प्रत्यक्ष भेटी, ज्यांची नोंद आपल्याकडे बहुधा नसावी.

महोदय,

१. अर्जदार ही चिखले येथील कायम रहिवासी असून तिने आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले आहे. अर्ज कसा लिहावा हे तिला सांगण्याची आवश्यकता नाही. तरीही हा अर्ज तिसऱ्यांदा लिहिला जात आहे. आधीचे दोन रागाच्या भरात लिहिले गेले आणि अर्जदाराने ते स्वतःच नापास केले. आपले पत्र आल्यापासून तिचे चित्त थाऱ्यावर नाही. दुधाचे पातेले चुलीवर ठेवून ती भरती पाहायला किनाऱ्यावर जाते आणि दूध उतू गेल्यावर परत येते. सून कीर्ती काही बोलत नाही, नुसती चूल पुसते. कीर्तीने न बोलणे हे या घरात फार मोठे चिन्ह समजले जाते.

२. येत्या नौदल दिनी डहाणू बंदरावर आपण गौरवफलक उभारत आहात. नौदलाची सेवा करणारे आणि सागरी वारसा जपणारे या तालुक्यातील मानकरी त्यावर कोरले जाणार, ही गोष्ट स्तुत्य आहे. अर्जदाराचे यजमान श्री. शांताराम पागधरे यांनी नौदलात पंधरा वर्षे नाविक म्हणून सेवा केली, नंतर गावी येऊन वडिलांची होडी हाती घेतली आणि सन १९९७ च्या वादळात दुसऱ्या होडीवरील खलाशांचे प्राण वाचवले. आपल्या यादीत ही सर्व हकिगत अचूक दिलेली आहे. फक्त माणूस चुकला आहे.

३. चूक कोठे झाली हे अर्जदाराने शोधून काढले आहे. समितीपुढे साक्ष देण्यास गंजाडचा हाल्या आला होता. हाल्या हा यजमानांच्या होडीवरील खलाशी. आपल्या लिपिकाने त्यास विचारले, “होडी कोणाची?” हाल्या म्हणाला, “आमच्या शांताराम तांडेलाची. दुसऱ्या कोनाची असनार?” लिपिकाने तसेच लिहून घेतले. वास्तविक होडीचे सुकाणू ज्याच्या हाती आणि होडीवरच्या प्रत्येक जिवाची जबाबदारी ज्याच्या माथी, तो तांडेल. हा हुद्दा आहे. तो कोणी देत नाही, खलाशी ज्याचे ऐकतात त्याला तो आपोआप मिळतो. काही घराण्यांनी पुढे तो आडनाव म्हणून घेतला, त्यास अर्जदाराची हरकत नाही. परंतु कलेक्टरचा मुलगा जन्मतः कलेक्टर होत नाही, हे समितीच्या लक्षात यावयास हवे होते. हाल्याने आपल्या तांडेलास कधी आडनावाने हाक मारली नाही, कारण आडनावाने हाक मारणे त्याला उद्धटपणाचे वाटे. त्याच्या त्या अदबीमुळे यजमानांचे नाव गेले.

४. यानंतर आपले निमंत्रण घोलवडचे चिकू बागायतदार श्री. शांताराम तांडेल यांच्या घरी पोहोचले. हे गृहस्थ हयात आहेत. गेल्या आठवड्यात ते अर्जदाराच्या ओटीवर येऊन बसले. पाणी दिले तरी प्याले नाहीत. म्हणाले, “काकी, मी डहाणूच्या खाडीत होडीत पाय ठेवला तरी मला मळमळतं. आणि यांनी मला बुडवलाय!” निमंत्रणावर त्यांच्या नावामागे ‘कै.’ पाहून त्यांच्या पत्नी संगीता यांनी अंथरूण धरले आहे. “ती म्हणते, त्या सत्काराच्या शालीला हात लावलात तर मी उमरगावला माहेरी जाते. काकी, काही करा, पण माझ्या नावावरचं ते ‘कै.’ उतरवा.”

ते चूक दाखवण्यास आपल्या कार्यालयात गेले असता त्यांना सांगण्यात आले की नाव जुळते, तालुका जुळतो, तेव्हा मानकरी आपणच. फक्त मरणोत्तर गौरव असल्याने स्वतःच्या मृत्यूचा दाखला जोडावा आणि आपण बुडालात त्या प्रसंगाची माहिती सहा ओळींत द्यावी. गृहस्थ सरळ स्वभावाचे. त्यांनी अर्जदारास विचारले, “काकी, सहा ओळींत काय लिहू?” अर्जदाराने त्यांस प्रथम चहा दिला.

५. त्यानंतर अर्जदार स्वतः कार्यालयात गेली. एकदा आपण दौऱ्यावर होता. एकदा आपण येऊन गेला होता. एकदा आपण येणार होता. तिन्ही वेळा लिपिक प्रविण भेटला. हा अर्जदाराचाच विद्यार्थी. चौथीत असताना ‘प्रवीण’ मधील ‘वी’ दीर्घ आहे असे त्यास कितीदा शिकवले, तरी आजही टेबलावरच्या पाटीवर तो ऱ्हस्वच आहे. ज्यास स्वतःचे नाव नीट लिहिता आले नाही, त्याच्या हाती इतरांची नावे दगडावर कोरण्याचे काम यावे, हा दोष अर्जदार अंशतः आपल्या अध्यापनाकडे घेते.

प्रविण उठून उभा राहिला, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. म्हणाला, “बाई, दगड पालघरहून कोरून आलाय. आता अक्षर बदलायचं तर वरून परवानगी लागते. त्यापेक्षा तुम्ही लिहून द्या ना, पागधरे ऊर्फ तांडेल. म्हणजे दोघं एकच झाले.” महोदय, ‘ऊर्फ’ हा शब्द अर्जदाराने आजवर वर्तमानपत्रात चोरांच्या नावांमध्येच वाचला आहे. तिचे यजमान ऊर्फ नव्हते. तसे तिने सांगितले. तेव्हा प्रविण हळू आवाजात म्हणाला, “मग बाई, सरळ दुरुस्ती करू. पण तुमचे मिस्टर मयत असल्याचा दाखला द्या. तो नसेल तर तुमच्या सहीचं स्वघोषणापत्र चालेल. एवढं एक वाक्य.”

ते एक वाक्य ऐकून अर्जदार तेथून निघून आली. छत्री कार्यालयातच राहिली आहे, ती कृपया जपून ठेवावी.

६. याचे कारण आपणास कळणे आवश्यक आहे. यजमानांचा देह मिळालेला नाही. त्या वादळानंतर अर्जदाराने कोणासही ते गेल्याचे सांगितले नाही. आमच्या किनाऱ्यावर घरचा माणूस मासेमारीस गेलेला असला आणि कोणी त्याची चौकशी केली, तर बायका “दर्यात आहे” असे म्हणतात. अर्जदार तेच म्हणत आली. जनगणनेसाठी आलेल्या माणसास तिने तेच सांगितले. तो बराच वेळ पेन उचलून बसला होता. नौदलाकडून विधवेस जे मिळते ते तिने मागितले नाही, स्वतःच्या पगारावर घर चालवले. कुंकू लावते, हिरव्या बांगड्या भरते. हळदीकुंकवास तिला बोलावण्याचे ज्यांनी टाळले, त्यांच्या घरी ती न बोलावता गेली आणि वाण घेऊन आली. नारळी पौर्णिमेला गावात पहिला नारळ आजही पागधऱ्यांच्या घरून निघतो. यास कोणी हट्ट म्हणतात, कोणी वेड. समोर येऊन अद्याप कोणी म्हटलेले नाही.

सबब ‘कै.’ हे अक्षर अर्जदारास शुद्धलेखनाच्या दृष्टीने नव्हे, तर अन्य कारणाने अमान्य होते. पागधरे हवे असेल तर ‘कै.’ स्वीकारा, ‘कै.’ नको असेल तर तांडेलांचा दगड राहू द्या, अशी कोंडी आपल्या समितीने नकळत केली. गेले पंधरा दिवस अर्जदार या दोहोंमध्ये येरझारा घालत आहे. घरात, ओटीवर, किनाऱ्यावर.

७. परवा हाल्या आला. आपल्यामुळे घोटाळा झाला हे त्यास कोणीतरी सांगितले होते. तो ओटीवर न चढता अंगणातच उभा राहिला. अर्जदाराने त्यास वर बोलावले आणि त्या दिवशीची हकिगत पुन्हा सांगण्यास फर्मावले. ती तिने पूर्वी एकदाच, अर्धवट ऐकली होती आणि उठून आत गेली होती.

दुसऱ्या होडीचे इंजिन बंद पडले होते. यजमानांनी तिच्यावरील खलाशी आपल्या होडीत घेतले आणि ती होडी दोराने मागे बांधली. ओढली जाणारी होडी सरळ राहावी म्हणून तिच्या सुकाणूवर कोणीतरी असावे लागते. आपल्या होडीचे सुकाणू हाल्याच्या हाती देऊन यजमान स्वतः तिकडे गेले. अवघड होडीवर तांडेलाने जायचे असते. खाडीच्या तोंडाशी, वाळूने पाणी उथळ झाले आहे तेथे, मागची होडी आडवी झाली आणि पुढच्या होडीसही मागे खेचू लागली. आजवर अर्जदार सर्वांस सांगत आली की दोर तुटला. हाल्या म्हणाला, “बाई, दोर तुटला नाय. मी टोक पाह्यलं. तांडेलानी कापला. आमी जावं म्हनून कापला.”

या वेळी अर्जदार उठून आत गेली नाही. हाल्यास जेवायला वाढले. बोंबलाचे कालवण होते. तो गेल्यावर कीर्ती प्रथमच बोलली. म्हणाली, “आई, बाबांनी त्यांच्याकडून सोडलाय.” इतकेच. दोराचे दुसरे टोक कोणाच्या हाती राहिले आहे, हे तिने बोलून दाखवले नाही. सून शहाणी आहे.

८. तरी अर्जदाराचे म्हणणे पुढीलप्रमाणे आहे.

(अ) यजमान श्री. शांताराम पागधरे हे सन १९९७ च्या वादळात, खाडीच्या तोंडाशी, मृत्यू पावले, असे अर्जदार या अर्जाद्वारे स्वतःच्या हस्ताक्षरात घोषित करीत आहे. हे वाक्य लिहिण्यास तिला सकाळपासून दुपार झाली. ते पुन्हा लिहावयास लावू नये.

(आ) फलकावर ‘तांडेल कै. शांताराम पागधरे’ असे कोरावे. हुद्दा आधी, नाव नंतर. दगड नवा आणावा. जुना घोलवडच्या श्री. तांडेल यांच्या देखत फोडावा, म्हणजे त्यांच्या पत्नी जेवतील.

(इ) शाल अर्जदार घेणार नाही, ती हाल्याच्या खांद्यावर घालावी. नारळ अर्जदार घेईल. तो कोठे न्यायचा हे तिला ठाऊक आहे.

(ई) अर्जदार समारंभास कुंकू लावून येईल. कागदावर काय लिहावे हे समितीने ठरवले, ते तिने ऐकले. कपाळावर काय असावे हे मी ठरवीन. त्याबाबत खुलासा मागू नये.

९. अर्जाच्या आरंभी नावामागे ‘सौ.’ आहे, ते दुरुस्त केलेले नाही. ते लिहिताना अर्जदार सौ. होती. आपल्या पत्रावरील ‘श्रीमती’ यापुढे परत पाठवले जाणार नाही.

१०. या अर्जाचे उत्तर आले तर ठीक. अर्जदार त्याची वाट पाहणार नाही. वाट पाहून झाली आहे.

आपली नम्र,

(सही)
श्रीमती सुनंदा शांताराम पागधरे

चिखले
दिनांक : २१ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) यजमानांचे गणवेशातील छायाचित्र. काम होताच परत करावे. घडी घालू नये.
२) हाल्या, रा. गंजाड, यांची साक्ष, अंगठ्यासह. त्यात जेथे ‘तांडेल’ आले आहे तेथे तो हुद्दा समजावा.
३) मृत्यूचा दाखला : नाही. परिच्छेद ८ (अ) पाहावा.