ओळख दाखवायची नाही

४ एप्रिल
आज सकाळी बाबांच्या दुकानात एका टेबलफॅनचं रेग्युलेटर उघडून बसलो असताना माझ्या आयुष्याला कलाटणी मिळाली. कॉलेजच्या जुन्या वर्गातला एक चष्मिष मुलगा मिक्सर दुरुस्तीला घेऊन आला. सहज म्हणाला, ती हल्ली अभयारण्यात असते. नोकरी लागली. जंगलात झाडांना कॅमेरे बांधतात म्हणे, समोर काही हललं की आपोआप फोटो निघतो. ती ते फोटो बघून जनावरं मोजते.

मिक्सरचं पातं बोटात घुसलं. हूं की चूं केलं नाही.

तीच ती. जिच्यापायी मी दुसऱ्या वर्षाला कॉलेजला लाथ मारली. ती अडवायला धावत येईल असा अंदाज होता. आली धावत. तिची डिसेक्शन बॉक्स माझ्याकडे राहिली होती, ती घेऊन गेली. हा अपमान मी गिळलेला नाही. दीड वर्ष तोंडात धरून ठेवलाय.

सूड घेणार.

५ एप्रिल
योजना पक्की. आपण होऊन तिच्यासमोर जायचं. ती चमकणार, हाक मारणार, डोळ्यांत पाणी वगैरे. मी थंडपणे वळून विचारणार, आपण कोण? बस. दोन शब्द. जन्मभर सलतील.

जेवताना घरात म्हणालो, आपण कुटुंब म्हणून कधी निसर्ग पाहिलेलाच नाही. बाबांचा घास हातातच राहिला. ताई म्हणाली, ह्याला कुंडीला पाणी घाल म्हटलं तर कंबर धरते, ह्याला निसर्गाचा पुळका कधीपासून? आईला मात्र भरून आलं. पोरगं बोलायला लागलं म्हणाली.

आजपासून दाढी बंद. रानटी दिसलं पाहिजे. रोज पन्नास जोर.

६ एप्रिल
जोर सात. घाई करण्यात अर्थ नाही.

१९ एप्रिल
पोचलो. निघताना बाबांनी दुकानाला चार दिवसांची पाटी लावली. असं कधी करत नाहीत. कुलूप तीनतीनदा ओढून पाहिलं. जरा टोचलं. पण सूड म्हटला की हळवेपणा परवडत नाही.

दुपारी जीपमधून फेरी. आईला गाडी लागली. ताई म्हणाली, तुझी दाढी बघून जनावरं पळताहेत, उंदरानं कुरतडलेला ब्रश वाटतो. दुर्लक्ष केलं. गाईड ओरडला, उजवीकडे अस्वल! मी डावीकडे बघत होतो. झाडीत खाकी टोपी दिसली होती. वारूळ निघालं. अस्वल बाकी सगळ्यांनी पाहिलं, अगदी ओकणाऱ्या आईनंसुद्धा. बाबा अजून त्याच्या चालीची नक्कल करून दाखवताहेत. मी अस्वलासाठी आलेलो नाही.

महत्त्वाचं: उद्या संध्याकाळी माहिती केंद्राच्या हॉलमध्ये कॅमेऱ्यांतले फोटो मोठ्या पडद्यावर दाखवणार. कोण दाखवणार विचारलं, तर गाईड म्हणाला, मॅडम.

मॅडम! बघतोच मॅडमला.

२० एप्रिल, सकाळ
रंगीत तालीम झाली. कुंपणाबाहेर पायी जाऊ नये अशी पाटी आहे. पाट्या घाबरटांसाठी असतात. पायवाटेवर एक जाडजूड झाड पसंत केलं, ते म्हणजे ती. आपण कोण, हसून. आपण कोण, न हसता. छाती काढून. एक भुवई उचलून. भुवईवालं जमलं. मग गुडघ्यावर बसूनही एकदा म्हणून पाहिलं. क्षमा केली असती तर कसं दिसलं असतं, एवढंच बघायला. रद्द. शेवटी खोडाला जरा मिठी मारली. दमलो होतो.

समोरच्या झाडाला पट्ट्यानं बांधलेली मीटरच्या पेटीसारखी एक पेटी. ना वायरिंग, ना अर्थिंग. कोणाचं काम असेल ते असो, बाबांनी त्याला दुकानात उभं केलं नसतं.

२० एप्रिल, संध्याकाळ
मुद्दाम पहिल्या रांगेत बसलो. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. म्हटलं, किती हा मनावर ताबा!

हरणं झाली, डुकरं झाली. मग म्हणाली, हे आज सकाळचंच, खास तुमच्यासाठी. आणि पडद्यावर मी.

ती छडी फिरवत समजावू लागली. पूर्ण वाढ झालेला नर. कळपातून फुटलेला. आधी छाती फुगवतो, मग भुवई. हा गुडघ्यावर. आणि ही मिठी, ज्या झाडाला अस्वल रोज पाठ खाजवतं त्याच झाडाला. म्हणून तर कॅमेरा तिथं. हॉल खो खो हसला. पुढच्या फोटोत अस्वल. मी टेकलो होतो तिथं नाक लावून. त्याच्या पुढच्या फोटोत तोंड फिरवून निघालेलं. मग ती गंभीर झाली. म्हणाली, हे गृहस्थ थोडक्यात वाचले, कृपा करून असं करू नका.

तेवढ्यात बाबा उभे राहिले आणि बक्षीस लागल्यासारखे ओरडले, अहो, हा आमचा! आईनं पदर तोंडाला लावला. खाल्लं असतं की रे तुला, म्हणाली.

दिवे लागले. ती जवळ आली, डोळे बारीक करून पाहिलं आणि हसली. अरे, तू! दाढीत ओळखूच आला नाहीस. कॉलेजातून एकदम दिसेनासाच झालास. बाबांची बदली झाली ना तुझ्या?

बाबा म्हणाले, माझी बदली? माझं दुकान आहे.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा टोमणा न मारता बाबांना हात धरून खाली बसवलं.

आता नाही तर कधीच नाही. भुवई उचलली. विचारलं, आपण कोण?

सॉरी, सांगायचं राहिलंच, म्हणाली. नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. हुद्दा सांगितला. 'जंगलात पायी फिरताना' असं एक माहितीपत्रक हातात दिलं. नीट वाच म्हणाली, मनापासून.

उठलो. पडद्यावरचं अस्वलसुद्धा दचकेल असं दार आपटायचं ठरवलं. बाहेर पडून दार ओढलं, तर त्याला वर तो दांडा बसवलेला, दार हळूहळू मिटवणारा. दोन्ही हातांनी ओढलं. पाय लावून ओढलं. ते आपल्याच चालीनं येत राहिलं. फटीतून दिसत होतं, आत दिवे पुन्हा गेले होते, ती पुढच्या फोटोवर पोचली होती, आणि बाबा आईला बोट दाखवून काहीतरी सांगत होते. हरणं असावीत.

मग लागलं दार. आवाजसुद्धा झाला नाही.