न जुळलेला ठसा

सोमवार
नवी नोकरी, नवं घर आणि चक्क खिडकीशेजारची जागा! कंपनी कानाच्या मशीनचं सॉफ्टवेअर बनवते. माझं काम एवढंच, की गिऱ्हाइकांकडे जाणारं प्रत्येक पॅकेज, म्हणजे नव्या सॉफ्टवेअरची फाइल, तपासायचं. फाइलचा हॅश म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसाच. आत एक अक्षर बदललं तरी ठसा पार वेगळा येतो. बनवणाऱ्यांनी कळवलेल्या ठशाशी मी काढलेला जुळला, की फाइल पुढे. बाबा म्हणाले, म्हणजे तू फाइलींची पोलीस! त्यांच्या कानातही आमचंच मशीन आहे. ते काढलं, की शेजारी भिंत कोसळली तरी त्यांना पत्ता नाही.

बुधवार
आज एक पॅकेज अडवलं. ठसा जुळेना. साहेबांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर काढला, तिथे तंतोतंत जुळला. माझ्याकडे पुन्हा काढला, तर तिसराच! फाइल आपली आपण बदलतेय, असं मी म्हटलं, तर साहेब हसले. कॉम्प्युटर बदलून देतो म्हणाले आणि पॅकेज सोडूनही दिलं. जिवाला चैन नाही.

गुरुवार
बाबांच्या मशीनमध्ये कालचं पॅकेज आपोआप उतरलंय. चहा पिता पिता ते उठून गॅलरीत गेले. परत आले, पुन्हा गेले. विचारलं, तर म्हणाले, तूच हाक मारलीस ना खालून? मी समोरच बसले होते.

शुक्रवार
तक्रारींचे फोन. एक बाई रडत होत्या. नवरा सारखा गच्चीच्या कठड्याशी जातो, म्हणतो तूच बोलावतेस. साहेबांचा चेहरा उतरलाय. पॅकेज मागे घेतलं, पण मशीनमधून ते निघतच नाही. बाबांच्या मशीनमधली फाइल तपासली. दर वेळी नवा ठसा. शेवटी मशीन माझ्याच कानाला लावलं —
माझा आवाज. लाडात आलेला. बाबा, या ना खाली.

शनिवार, सकाळ
मशीन ठेचून टाकलं. आता त्यांना काही ऐकू येता कामा नये. तरी मान वळते. गॅलरीकडे.

दुपार
गॅलरीला मी लावलेलं कुलूप त्यांनी काढलं. मी हात धरून ठेवलाय. ओरडून उपयोग नाही, म्हणून याच वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं — मीच तुमची मुलगी. वाचलं त्यांनी. ओशाळं हसले. म्हणाले, सोडा हो ताई, माझी मुलगी बोलावतेय.

बाबा, खाली कुणी नाही. मी इथे आहे. वाचा ना. हात सोडवू नका, बाबा, मी —