हाव आणि न्हाई

बुधवार, संध्याकाळ, नांदेड

१. महादेवीचं पेज आज दुपारी मी बंद केलं.
२. आदेश पुण्याच्या मुख्य ऑफिसचा होता; इथली सिस्टिम मी सांभाळते. कर्मचाऱ्यांनी स्वतः बनवलेली पेजेस तपासणीशिवाय चालवायची नाहीत.
३. तिला आधी सांगितलं नाही.

महादेवी लातूरच्या गोदामावर असते. नकाशा, हवामान आणि आमच्या गाड्यांची यादी जोडून तिनं एक पेज केलं होतं. गाडी पोचली का, एवढंच ते विचारायचं. खाली दोन बटणं, 'हाव' आणि 'न्हाई'. कंपनीचं ॲप न उघडणारे ड्रायव्हरही ते वापरायचे.

सकाळच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये पुण्याचे साहेब म्हणाले, "हाव म्हणजे लोभ ना? गाडीला कसला लोभ?" सगळे हसले. मीही हसले. आमच्या घरी, नायगावला, 'हो'ला 'हाव'च म्हणतात, दुसरा होकार कुणाला माहीतच नाही. एका वाक्यात सांगता आलं असतं. का नाही सांगितलं? मलाही कुणी तिकडची समजू नये म्हणून?

महादेवीही लातूरहून त्या मीटिंगमध्ये होती. संध्याकाळी फोन आला. "तू नायगावचीच ना गं? तुला बी ठाऊक न्हवतं?" मी काही बोलायच्या आत तिनं फोन ठेवला. ऑफिस सुटल्यावर मला फोन करणारी ती एकटीच. नंतर मी दोनदा लावला, तिनं उचलला नाही.

शेवटी मेसेज पाठवला. तो इथं उतरवते:

"महादेवी, हसायला नको होतं. पुण्याला आज अर्थ लिहून कळवलाय. पेजची तपासणी मी करते, जबाबदारी माझ्या नावावर. बटणं तशीच राहतील. पण पेज तुझं आहे, तुझ्या होकाराशिवाय हात लावणार नाही. शुक्रवारपर्यंत उत्तर दे."